चाचणी आवृत्ती आणि आल्माचा गुरुवार

"गुनेल, एक्सचेंज कधी बंद करायचं नाही. जे बदलायचं ते चालत्यात बदलायचं. कुणाचं बोलणं मध्येच तुटता कामा नये."

मी टेलिफोन कंपनीत लागले त्या सकाळी आमचा विभागप्रमुख टोरवाल्ड मला हे म्हणाला. एरवी तो इतका हळू बोलायचा की त्याचं स्वतःचंच बोलणं निम्म्यात विरून जायचं. पण हे वाक्य त्याने खणखणीत म्हटलं. नाताळच्या संध्याकाळी अख्खा स्वीडन आपापल्या मावशीला फोन लावत असतो. अशा वेळी "जरा थांबा, सुधारणा चालू आहे" असं म्हणायची सोय नसते. म्हणून तर आमच्या लोकांनी त्या कामासाठी प्रोग्रामिंगची एक वेगळीच भाषा घडवली.

मी निवृत्त झाले, पण ती भाषा सुटली नाही. देवभोळ्या बाईला यात एवढं काय गोड लागतं, असं माझा नवरा स्तुरे विचारतो. मी सांगते, बाकीच्या भाषांमध्ये 'क्ष' आत्ता पाच असतो आणि दोन ओळी खाली गेलं की सहा झालेला असतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्या भाषेत एकदा 'क्ष' म्हणजे पाच म्हटलं की पाचच. दिलेला शब्द फिरवायचा नाही. तोच प्रश्न विचारला की तेच उत्तर. स्तुरे म्हणतो, "म्हणजे तुझ्या बहिणीसारखीच की."

माझी रोजची व्रतं काही फार कडक नाहीत. सकाळची प्रार्थना होईपर्यंत कॉफी नाही. (आमच्याकडे याला कडकच म्हणतात म्हणा.) खोटं बोलायचं नाही. कुणाला लागेल असं बोलायचं नाही, आणि तसंच काही तोंडावर आलं तर गप्प बसायचं. या शेवटच्या व्रतामुळे मी फार शांत बाई आहे असा इमारतीत लौकिक झालाय. आणि ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत दोन गोष्टी जास्त: गोड वर्ज्य, आणि भाषेची नवी आवृत्ती निघण्याआधी जी चाचणी आवृत्ती येते ती आपल्या प्रोग्रामवर चालवून, काय मोडलं ते कळवायचं. तळ्यावरचा बर्फ माणसाचं वजन पेलतो का हे कुणीतरी आधी चालून पाहावंच लागतं. ती सेवा आहे असं मी मानते. स्तुरे त्याला दुसरा शब्द वापरतो.

माझा प्रोग्राम म्हणजे धुलाईखोलीचा. क्रान्सेन वस्तीतल्या आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईखोली आहे आणि प्रत्येक घराने आपली वेळ राखून ठेवायची असते. आमच्याकडे घटस्फोट झालेली माणसं पुन्हा एका टेबलाशी बसून कॉफी पितात. धुलाईची वेळ चोरीला गेलेली माणसं तसं करत नाहीत. पूर्वी दाराशी एक लाकडी फळा होता. त्यावर ज्याने त्याने आपलं छोटं कुलूप आपल्या वेळेच्या भोकात अडकवायचं. तो फळा जाऊन माझा प्रोग्राम आला: भिंतीवर पडदा, आणि आपल्या वेळेला आपली किल्ली दाखवली की उघडणारं दार.

फळा काढला त्या दिवशी चौथ्या मजल्यावरची आल्मा आपलं कुलूप मुठीत धरून तिथेच उभी राहिली होती. तिचा नवरा वेर्नर कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला. दर गुरुवारी दुपारी नगरपालिकेची बाई येऊन त्याला अंघोळ घालते आणि अंथरूण बदलते. त्याआधी सकाळी आल्मा चादरी धुऊन, वाळवून ठेवते. चादरी सासूच्या वेळच्या, लिननच्या. दुसरं कुठलंही कापड लागलं की वेर्नरच्या पाठीला जखमा होतात. आल्मा पडद्याला घाबरते. मी तिला म्हटलं, "आल्मा, तू त्याला हातसुद्धा लावू नकोस. गुरुवारी दुपारी वेर्नरच्या अंगाखाली धुतलेली चादर असेल, हा माझा शब्द." आणि प्रोग्राममध्ये सगळ्यात आधी कायमचं नोंदवलं: आल्मा, गुरुवार, सकाळ.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग होकान इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला.

होकान वाईट माणूस नाही, हे मी रोज प्रार्थनेत स्वतःला सांगते. मार्चमधल्या वाफलच्या दिवशी आम्ही सगळे सायकलींच्या खोलीत वाफल खायला जमलो होतो. तिथे त्याने एका कंपनीचं रंगीत माहितीपत्रक फिरवलं. सगळं बुकिंग फोनवरून. एका घराला एका वेळी एकच बुकिंग. कायमची वेळ हा प्रकारच नाही; तो म्हणे लोकशाहीला धरून नाही. बुधवारच्या वार्षिक सभेत तो हा ठराव आणणार होता. ठराव झाला की आल्माचा गुरुवार गेला, आणि आल्माकडे फोन आहे तो भिंतीवरचा.

"तुझं ते यंत्र छानच आहे गं, गुनेल," होकान माझ्या वाफलवर न मागता साय वाढत म्हणाला. "पण आता जुनं झालं ना. टेलिफोनच्या जमान्यातलं."

मी गप्प बसायला हवं होतं. व्रतच आहे तसं. पण बिनमुरंब्याची वाफल समोर असली की माणसाचा अहंकार उपाशीपोटी फार चपळ होतो. मी हळूच म्हटलं, "जुनं कसं? सभेच्या आधी त्याच्यावर जी आवृत्ती चालू होईल ती अजून जगात प्रसिद्धसुद्धा झालेली नाही."

तिसऱ्या मजल्यावरचा एकजण "ओहो" म्हणाला. त्या एका ओहोसाठी मी पुढचा सगळा आठवडा वाया घालवला.

तशी मी बेफिकीर बाई नाही. चाचणी आवृत्ती मी आधी स्वयंपाकघरातल्या संगणकावर चालवून पाहिली. सगळं उत्तम. पडद्यावर एक पिवळी सूचना आली, की अमुक एक सोय जुनी झाली म्हणून यावेळी काढून टाकली आहे. पण ती सूचना मी इतकी वर्षं पाहत आले होते की ती मला ओळखीच्या शेजाऱ्यासारखी वाटायची. "लवकरच काढू, लवकरच काढू" असं दरवर्षी म्हणणाऱ्याने यंदा खरंच काढलं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि ती सोय वापरत होता तो भाग दाराच्या कुलपाचा. माझ्या स्वयंपाकघराला कुलपाचं दार नाही.

मंगळवारी सकाळी प्रार्थना केली, कॉफी घेतली आणि तळघरात उतरले. आमच्या भाषेत प्रोग्रामचा कुठलाही भाग चालता चालता बदलता येतो. पण ज्या जमिनीवर तो उभा असतो ती जमीनच बदलायची तर एकदा थांबावं लागतं. तो प्रोग्राम लावल्यापासून कधीच थांबला नव्हता. वीज गेली तरी नाही. कंपनीतून निरोपाची भेट म्हणून मिळालेल्या एक्सचेंजच्या जाडजूड बॅटऱ्या त्याच्याखाली होत्या. मी डोळे मिटले, मनात टोरवाल्डची क्षमा मागितली आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मग उजळला. नवी आवृत्ती व्यवस्थित उभी राहिली होती, आणि अख्ख्या महिन्याचं वेळापत्रक नुकत्याच पडलेल्या बर्फासारखं पांढरंशुभ्र होतं. एकही नाव नाही.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ही चूक आमच्याच लोकांकडून होऊ शकते. आमच्या भाषेत एखादी गोष्ट जागच्या जागी बदलत नाहीत. बुकिंगची यादी प्रोग्रामच्या हातात असते. कुणी नवी वेळ घेतली की तो नवी यादी करून पुढच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्या. आग विझवायला रांगेत उभी राहिलेली माणसं बादली पुढे पुढे देतात, तसं. बादली कधी जमिनीवर टेकत नाही. दिसायला फार सुंदर असतं. पण रांगेला "थांबा" म्हटलं की बादली सांडते. साधारण माणसाने ती यादी अधूनमधून डिस्कवर उतरवून ठेवली असती. मी टेलिफोनवाली. जे कधी थांबायचंच नाही ते उतरवून कशाला ठेवायचं? आल्माचा कायमचा गुरुवारसुद्धा त्याच बादलीत होता.

मी हा विचार करत असतानाच दाराचं कुलूप वाजलं. टक. मग पुन्हा टक. मग वाजतच राहिलं. कुलपाचा भाग ती काढून टाकलेली सोय शोधायला जात होता, न मिळाल्याने कोसळत होता, आणि त्याच्यावर देखरेख करणारा भाग त्याला पुन्हा उभा करत होता. हेच आमच्या भाषेचं तत्त्व: पडणाऱ्याला पडू द्यावं, वरचा त्याला उठवतो. यावर मी एकदा चर्चमधल्या बायकांच्या मंडळात दोन शब्द बोलले होते आणि ते सगळ्यांना फार आवडले होते. पण वरचा जेव्हा क्षणाक्षणाला उठवतो आणि खालचा क्षणाक्षणाला पडतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा होते.

आवाज ऐकून स्तुरे खाली आला. थोडा वेळ त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लाकडी फळा अजून माळ्यावर आहे."

कुलपाचं दुखणं एका ओळीत बरं झालं. ती ओळ लिहीपर्यंत जेवणाची वेळ झाली. मग व्रताप्रमाणे भाषेची देखभाल करणाऱ्या मंडळींना सविस्तर अहवाल पाठवला. घटकाभरात त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं. फार सभ्य होतं. दोन्ही गोष्टी तुझ्याच बाजूच्या दिसतात, इतक्या बारकाईने तपासल्याबद्दल मनापासून आभार, आणि सहज कुतूहल म्हणून विचारतो, बुकिंग डिस्कवर का नव्हती? मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एकही लागेल असा शब्द नव्हता. नुसत्या चांगुलपणाने माणसाचा किती अपमान होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. व्रत पाळणारी मी, आणि पाळलं त्याने.

आता दारोदार जाऊन ज्याची त्याची वेळ विचारावी आणि भरून टाकावी, इतकी साधी गोष्ट. पण होकान जिन्यात आडवा आला. कोण कधी कपडे धुतं ही खासगी माहिती आहे, ती गोळा करायची तर प्रत्येकाची संमती हवी आणि संमती घेण्याची पद्धत मंडळाने आधी मंजूर करायला हवी. मंडळाची पुढची बैठक ईस्टरनंतर. लोकांनी आपणहून येऊन सांगितलं तर मात्र हरकत नाही, असं म्हणून तो आपली वेळ आपणहून सांगून गेला.

म्हणून मी धुलाईखोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसले, शेजारी वेलचीच्या गोड बनपावांचा डबा. लोक आपणहून येऊ लागले. येताना प्रत्येकजण सल्ला घेऊन येत होता. कुणी म्हणालं, सगळं इंटरनेटच्या ढगात ठेवायचं असतं आजकाल. कुणी म्हणालं, ढगात काही ठेवू नये. तळमजल्यावरच्या एका गृहस्थाने मला भाषाच बदलण्याचा सल्ला दिला, जशी माणसं दंतवैद्य बदलतात. रविवार संध्याकाळ दोन घरांची निघाली. दोघेही समोरासमोर आले तेव्हा "छे छे, तुमचीच असेल, माझाच गोंधळ झाला" म्हणत एकमेकांना वाट देत राहिले. मी वर जाऊन चहा पिऊन येईतो दारावर दोन चिठ्ठ्या लागल्या होत्या. पहिलीत लिहिलं होतं की काही शेजाऱ्यांची स्मरणशक्ती सोयीप्रमाणे चालते. दुसरीत तेच होतं, फक्त खाली हसरा चेहरा काढलेला. आमच्याकडे हसरा चेहरा काढला म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

या सगळ्यात मी सर्वांत आधी आल्माचं नाव घालायला गेले होते. पण गुरुवार सकाळच्या चौकोनात नाव होतं. तिल्डा, दुसरा मजला.

कुलूप पडत-उठत होतं त्या वेळात पडदा मात्र शहाण्यासारखा चालू होता. तिल्डा नुकतीच राहायला आलेली, कडेवर तान्हं. जाता जाता तिने पडदा पाहिला, गुरुवार सकाळ मोकळी दिसली, आयुष्यातली पहिली वेळ राखून ठेवली आणि गेली. ती बिचारी पूर्णपणे नियमात होती. बुधवारचे सगळे चौकोन आधीपासूनच दुसऱ्यांचे होते, ते आपणहून येऊन नावं घालून गेले, आणि माझी स्वतःची वेळ सोमवारीच होऊन गेली होती.

मी पडद्यासमोर बसून राहिले. इमारतीत फक्त मला माहीत असलेली एक आज्ञा आहे. ती दिली की तिल्डाचं नाव जाऊन आल्माचं येईल. कुणाला कळणार नाही; आधीच एवढं पुसलं गेलं होतं, त्यात एक जास्त. मी ती आज्ञा टंकली. पुढचं बटण दाबायच्या ऐवजी प्रार्थना म्हणायला लागले आणि ती मला मधूनच आठवेना, जी मी लहानपणापासून रोज म्हणते. मग एकेक अक्षर मागून पुसलं.

म्हटलं, सरळ जाऊन विचारू. धुलाईची वेळ सोडायला सांगणं म्हणजे आमच्याकडे मूत्रपिंड मागण्यासारखं, पण विचारू. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. तिल्डाने दार उघडलं. डोळ्यांखाली काळं, खांद्यावर दूध, मागे बाळंत्यांचा ढीग. "अय्या, तू धुलाईवाली गुनेल ना?" ती म्हणाली. "किती छान केलंयस ते. मला पहिल्याच दिवशी वेळ मिळाली. या ढिगाकडे बघून मला रडूच येत होतं."

मी तोंड उघडलं. "खरं तर मी..." म्हणाले. तेवढ्यात बाळाने माझं बोट धरलं. खरं तर मी त्याच्यासाठी टोपी विणून देईन असं म्हणाले. आणि डावीकडच्या यंत्राचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही हेही सांगितलं. खाली आले तेव्हा गुरुवार हातात नव्हता, टोपीची जबाबदारी मात्र होती.

बुधवारी संध्याकाळी सभा. मी उभी राहिले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. थांबवलं मी, बुकिंग गेली ती माझ्यामुळे, आणि आल्माला मी शब्द दिलाय. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही म्हणून होकानने माझं बोलणं सगळ्यांना मोठ्याने पुन्हा सांगितलं. त्याच्या तोंडून ते फारच वाईट ऐकू आलं. पण तेवढ्यात त्या रविवार संध्याकाळच्या दोन घरांपैकी एकाने विचारलं, कंपनीच्या व्यवस्थेत यादी पुसली गेली तर दाराशी बनपाव घेऊन कोण बसणार? दुसऱ्या घराने त्याला अनुमोदन दिलं. त्या आठवड्यात ते एकमेकांशी पहिल्यांदाच सहमत झाले होते. तासभर चर्चा झाली आणि आमच्याकडे होतं तेच झालं: कार्यगट नेमला. ठराव पुढच्या वर्षी. कार्यगटाची निमंत्रक मी.

"अभिनंदन," होकान खुर्च्या रचताना म्हणाला. "पण उद्याची वेळ तिल्डाचीच. घेतलेली वेळ म्हणजे घेतलेली."

"हो," मी म्हटलं. "ते बरोबरच आहे." आणि तसं ते बरोबरच होतं, हेच तर दुखत होतं.

बाहेर पडताना मी आमच्या पाद्रीणबाईंना फोन केला. चर्चच्या तळघरात एक धुलाईयंत्र आहे आणि वाळवायचं कपाट; वेदीची कापडं धुण्याची पाळी माझ्याकडे असते म्हणून किल्ली माझ्यापाशी असते. मला फार संकोच वाटत होता. पवित्र कापडाच्या यंत्रात आजारी माणसाच्या चादरी चालतील का, याला काही नियम असेल, बिशपला विचारावं लागेल, असं बरंच काही मी एका दमात बोलले. पाद्रीणबाई जेवत असाव्यात. "चालेल गं," त्या म्हणाल्या. "फक्त सुगंधी काही घालू नकोस. ऑर्गनवाल्याला शिंका येतात."

गुरुवारी सकाळी मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. जिन्यात हजार वेळा वाक्य जुळवलं. आल्माने दार उघडलं तेव्हा ती आधीच कोट घालून, चाकाची टोपली पुढ्यात घेऊन खाली निघायच्या तयारीत होती. आतून वेर्नरचा रेडिओ ऐकू येत होता.

"आल्मा, तुझी वेळ गेली," मी म्हटलं. "माझ्या हातून गेली. आज खालचं दार तुला उघडणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिशव्यांकडे. कोटाचं वरचं बटण सोडलं, पुन्हा लावलं. वेर्नरने आतून कोण आहे म्हणून विचारलं. "गुनेल आहे," ती मागे न वळता म्हणाली.

"बाई दुपारी येते," ती मला म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षाही हळू होता. "त्याच्या पाठीला..."

"त्याआधी आणते. वाळवून, घडी घालून. चर्चमध्ये सोय झालीय."

ती टोपलीतल्या चादरी एकेक करून माझ्या पिशवीत घालू लागली, कडा आत दुमडून, जणू त्या आत्ताच धुतलेल्या होत्या.

"साठ अंशांवर धू," ती म्हणाली. "आणि कपाटात कडक होईतो ठेवू नकोस. जरा ओलसर असतानाच काढ." मग पिशवी माझ्याकडे सरकवत, "आणि पुढचा गुरुवार?"

"पुढचा डिस्कवर उतरवून ठेवलाय," मी म्हटलं. "त्याच्या पुढचेही."

यातलं तिला काही कळलं नसावं, पण तिने मान हलवली आणि माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

लिनन ओलं नसतानाही जड असतं. तळघराच्या खिडकीवरून जाताना आत दिवा दिसला; तिल्डा डावीकडच्या यंत्राचं दार गुडघ्याने दाबत होती आणि बाळ टोपलीत निजलं होतं. तिने मला पाहून हात केला. माझे दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून मी नुसतीच मान झुकवली, पिशव्या सारख्या केल्या, आणि बर्फाच्या चिखलातून उतारावर चर्चच्या दिशेने चालू लागले.